नोटीस आणि हातोडा यांच्यामधले दिवस

महापालिकेची नोटीस हातात घेऊन आलेला अशील खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारतो, "बाई, स्टे मिळेल ना?" बांधकामाला परवानगी होती का, नकाशा कुठे आहे, जुनी कागदपत्रं काय आहेत, हे मी विचारेपर्यंत तो दोनदा घड्याळ बघतो. त्याचं चुकत नाही. सिटी सिव्हिल कोर्टात पालिकेच्या नोटिशींची कामं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि या कामात कोण बरोबर यापेक्षा हातात किती दिवस आहेत यावर जास्त घरं वाचलेली किंवा पडलेली मी पाहिली आहेत. नोटीस चिकटली तो दिवस आणि मुकादम गँग घेऊन दारात उभा राहिला तो दिवस, या दोन दिवसांमध्ये किती अंतर असावं, आणि त्या अंतरात अशिलाचं म्हणणं कुणी ऐकावं, एवढ्याच प्रश्नावर दीडशेहून अधिक वर्षं भांडण चालू आहे.

अशील ज्याला बिनधास्त 'अपील' म्हणतो, ते मुंबईच्या कायद्यात मुळात नाहीच, ही गोष्ट त्याला पटवायला मला नेहमी वेळ लागतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. तोच अजून चालू आहे, ठिगळं लावून लावून. त्यातलं कलम ३५१ विनापरवाना बांधकामाचं. पालिकेने लेखी नोटीस द्यायची, हे बांधकाम का पाडू नये याचं कारण दाखवायला सांगायचं, आणि त्या माणसाने उत्तर द्यायचं. उत्तर पटलं नाही तर पाडायचं. पटलं की नाही हे कोण ठरवणार? पूर्वी आयुक्त किंवा त्यांचे अधिकार ज्याला दिलेत तो वॉर्डातला साहेब, आता 'पदनिर्देशित अधिकारी'. म्हणजे ज्या कार्यालयाने नोटीस काढली, तेच उत्तर वाचणार. त्यावर वरचा अधिकारी, न्यायमंडळ असं काही कायद्यात नाही. म्हणून आम्ही वकील मंडळी दिवाणी दावा लावत आलो आणि त्या दाव्यात मनाई हुकूम मागत आलो. लोक त्यालाच अपील म्हणतात. म्हणू देत.

गंमत म्हणजे याच कायद्यात खरंखुरं अपील आहे, पण ते घरपट्टीसाठी. करपात्र मूल्य जास्त लावलं असं वाटलं तर आधी पालिकेकडे तक्रार, ती फेटाळली तर कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील. तेही मोजक्या दिवसांत आणि कर भरून. पण बाहेरचा, पालिकेचा पगार न खाणारा न्यायाधीश, हे महत्त्वाचं. दोन रुपये जास्त कर लागला तर न्यायाधीश, आणि अख्खी भिंत पाडायची तर वॉर्डातला साहेब! तरुणपणी मला हा सरळसरळ विसरभोळेपणा वाटायचा. मग कायद्याच्या मागचा इतिहास वाचला आणि त्यात विसरण्यासारखं काही नव्हतं हे कळलं.

१८६५ च्या कायद्याने मुंबईला एकटा, भरपूर अधिकार असलेला आयुक्त मिळाला. आर्थर क्रॉफर्ड. ज्यांच्या नावाच्या मंडईला आपण आता महात्मा फुले मंडई म्हणतो. त्यांनी शहर झाडून काढलं, रस्ते केले, आणि पालिकेच्या तिजोरीला भोकही पाडलं. १८७१ मध्ये करदात्यांनी बंड केलं. धोबी तलावच्या फ्रामजी कावसजी सभागृहात तरुण फेरोजशहा मेहतांनी क्रॉफर्डच्या कारभाराची बाजू घेतली आणि त्याच वेळी उपाय म्हणून करदात्यांनी निवडलेली पालिका मागितली. सभेतल्यांना दोन्ही एकदम पचणं कठीण होतं. पुढच्या वर्षी, १८७२ च्या कायद्याने निवडणूक आली, मात्र मत कर भरणाऱ्यालाच. १८८८ च्या कायद्याच्या वेळी मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही मुंबईच्या कायदेमंडळात होते. बहात्तर जणांची पालिका ठरली. त्यातले छत्तीस करदात्यांनी निवडायचे, बाकीचे जस्टिस ऑफ द पीस, विद्यापीठ, चेंबर ऑफ कॉमर्स आणि सरकार यांच्याकडून. त्या काळातला पालिकेशी भांडणारा नागरिक म्हणजे इमारतीचा मालक, आणि त्याचं भांडण पैशाचं. त्याने आपल्यापुरतं अपील पक्कं करून घेतलं. चाळीच्या मागे पत्र्याची पडवी काढणारा किंवा दुकानात माळा टाकणारा त्या सभागृहात बसलेला नव्हता. कलम ३५१ मध्ये त्याचं नाव आहे ते नोटीस घेणारा म्हणून.

आता 'ऐकून घेतल्याशिवाय पाडायचं नाही' हा नियम आला कुठून, तर लंडनमधल्या एका अर्धवट घरातून. कूपर नावाचा बांधकाम ठेकेदार होता. १८५५ च्या लंडनच्या कायद्यात अट होती की पाया खणायच्या सात दिवस आधी स्थानिक मंडळाला कळवायचं. कूपरने ती अट नीट पाळली नव्हती. घर दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं होतं. वॉन्ड्सवर्थच्या मंडळाने एका संध्याकाळी उशिरा माणसं पाठवली आणि सगळं जमीनदोस्त केलं. कूपरने नुकसानभरपाईचा दावा लावला. मंडळाचं म्हणणं होतं, कायद्यात 'पाडता येईल' असं लिहिलंय, 'आधी विचारा' असं कुठे लिहिलंय? शिवाय वरच्या मंडळाकडे अपील आहे की. १८६३ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला तो कूपरच्या बाजूने. कायद्यात सुनावणी लिहिलेली नसली तरी न्यायाची रीत ती उणीव भरून काढते, आणि नंतर अपील आहे म्हणून आधी ऐकायचं नाही असं होत नाही. एका न्यायाधीशांनी तर जुन्या निकालातला दाखला दिला की देवानेही आदमला बागेतून घालवण्याआधी त्याला हाक मारून जाब विचारला होता.

माझ्या सिनियरांना हा खटला तोंडपाठ होता, पण ते कोर्टात कधी देवाचा दाखला देत नसत. ते म्हणायचे, "घर पडल्यावर मिळणाऱ्या अपिलाला काय चाटायचंय?" सरळ गोष्ट आहे. पण कूपरच्या निकालानंतर चौतीस वर्षांनी याच मुंबईत ती पार गुंडाळून ठेवली गेली.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवीत प्लेग आला. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला हवे ते नियम करायची मोकळीक दिली आणि त्याच्याच चौथ्या कलमाने हेही सांगितलं की सद्भावनेने केलेल्या कुठल्याही कृतीबद्दल कुणावरही दावा लावता येणार नाही. कारण दाखवा नाही, तारीख नाही, दावा नाही. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही तीन अक्षरं रंगवली जात. 'माणसांनी राहण्यास अयोग्य' असा त्यांचा अर्थ. हवा-उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढली जात, आत औषधाचे फवारे मारले जात. ज्याच्या दारावर ही अक्षरं आली त्याने दाद कुणाकडे मागायची? साथीत घाई असते हे मला मान्य आहे. पण घाई संपल्यावरही सवय उरते, हे पालिकेच्या कामात मी पुष्कळदा पाहिलंय.

प्लेगच्या पोटी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. नागपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड इथल्या दाट वस्त्या फोडून त्यांनी रस्ते आणि नव्या इमारती काढल्या. त्या कायद्यात अपिलासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होतं. कशाच्या अपिलासाठी? जमिनीच्या मोबदल्याच्या. पुन्हा मालक, पुन्हा पैसा. त्या वाड्यांमधल्या खोल्यांत भाड्याने राहणारे लोक मोबदल्याच्या कागदात नव्हते आणि अपिलातही नव्हते.

दिवाणी कोर्टाचं दार सामान्य माणसासाठी खऱ्या अर्थाने उघडलं ते स्वातंत्र्यानंतर. १९४८ च्या कायद्याने बॉम्बे सिटी सिव्हिल कोर्ट सुरू झालं. ओव्हल मैदानासमोरचं जुनं सचिवालय, १८७४ मध्ये पूर्ण झालेलं, लांब व्हरांड्यांचं, तिथे ते बसतं. ज्या इमारतीतून सरकार मुंबई इलाख्यावर हुकूम चालवत होतं, तिथेच आता पत्र्याची पडवीवाला आणि पीठगिरणीवाला पालिकेचा हुकूम अडवायला येऊ लागला. त्याच सुमारास शहरही फुगलं. १९५० मध्ये अंधेरीसारखी उपनगरं पालिकेच्या हद्दीत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत हद्द गेली. ग्रामपंचायतीच्या किंवा छोट्या नगरपालिकेच्या काळात उठलेल्या हजारो भिंती, गोठे, माळे, पडव्या एका रात्रीत मुंबईच्या कायद्याखाली आल्या. त्यांचे नकाशे कुणाकडे असणार?

मग एक व्यवहारी तोड निघाली, आणि या शहरातल्या सगळ्या सुनावण्यांचा कणा तीच आहे. निवासी नसलेलं बांधकाम १ एप्रिल १९६२ च्या आधीचं आणि निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ च्या आधीचं असेल, तर ते मंजूर नसलं तरी सहन करायचं. इंग्रजीत त्याला 'टॉलरेटेड' म्हणतात. आमच्या भाषेत, 'बासष्टचा पुरावा आहे का?' इथे कायद्याची पुस्तकं मिटतात आणि कागदांची पेटी उघडते. गुमास्ता लायसन्स, वीजबिल, रेशनकार्ड, भाडेपावत्या, सिटी सर्व्हेचा नकाशा. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे करनिर्धारण खात्याचा जुना तपासणी उतारा.

एका पीठगिरणीवाल्याचं प्रकरण मी नवशिक्यांना नेहमी सांगते. मूळचा जुन्नरकडचा माणूस, उपनगरात आजोबांपासूनची गिरणी. गिरणीच्या वर लाकडी माळा, त्यावर गव्हाची पोती आणि कोपऱ्यात काम करणाऱ्या पोराची पथारी. माळा विनापरवाना म्हणून ३५१ ची नोटीस आली. तो नोटीस घेऊन आला तेव्हा हाताला पीठ तसंच. "बाई, माळा गेला तर धान्य ठेवू कुठं? गिऱ्हाईकाच्या डोक्यावर?" मी त्याला विचारलं, वडिलांनी जपलेले कागद आहेत का. दुसऱ्या दिवशी पत्र्याचा डबा आला. त्यात भाडेपावत्या होत्या, पण पावतीवर माळा कुठून येणार? मग आम्ही करखात्यात अर्ज टाकून १९६१-६२ च्या नोंदीचा प्रमाणित उतारा काढला. वळणदार इंग्रजीत, निळसर शाईत, एका निरीक्षकाने गिरणीत उभं राहून लिहिलेल्या ओळी होत्या. तळमजला, विटांची भिंत, छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं, आत लाकडी पोटमाळा, लांबी, रुंदी, आणि शेवटी वापर: 'धान्य साठवण'. या माणसाने माळ्यावर कर लावण्यासाठी माळा मोजला होता. त्याला काय ठाऊक, त्याने लिहिलेली एक ओळ पुढे त्याच पालिकेच्या दुसऱ्या खात्यापासून तो माळा वाचवणार आहे!

सुनावणीत मी काहीच भाषण केलं नाही. वॉर्ड कार्यालयात ती सुनावणी असते तरी कशी? कोर्टासारखा मंच नाही, काही नाही. साहेबांचं टेबल, त्यावर दोऱ्याने बांधलेल्या फायली, बाजूला ज्युनियर इंजिनियर, मध्येच टेलिफोन. मी उतारा ठेवला आणि मापांवर बोट ठेवलं. नोटिशीतली मापं आणि उताऱ्यातली मापं थोड्या फरकाने जुळत होती. साहेबांनी इंजिनियरकडे पाहिलं, इंजिनियरने खिडकीकडे. नोटीस मागे घेतल्याचा आदेश मिळायला मात्र पुढे बराच काळ गेला. त्या काळात मी अशिलाला एवढंच सांगत राहिले की माळ्याला खिळासुद्धा ठोकू नकोस. बासष्टचा माळा सहन करतात, बासष्टच्या माळ्यावर घातलेली नवी लोखंडी तुळई सहन करत नाहीत. कित्येक जण इथेच बुडतात. पुरावा जुन्याचा असतो आणि नोटीस येते ती मध्यंतरी केलेल्या 'जरा दुरुस्ती'वर.

ज्यांच्याकडे असला डबाच नाही, त्यांचं काय? हा प्रश्न १९८१ च्या जुलैत रस्त्यावर आला. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. ऐन पावसात कारवाई सुरू झाली. फुटपाथवाल्यांच्या वतीने पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या आणि खुद्द झोपड्यांत राहणाऱ्यांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वाद होता तो कलम ३१४ चा. रस्त्यावरचं अतिक्रमण आयुक्त नोटीस न देताच हटवू शकतात, असं ते कलम म्हणतं. १० जुलै १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हा त्यातला भाग सगळ्यांना माहीत आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा. न्यायालयाने ३१४ रद्द केलं नाही, पण ते नोटीस न देण्याची मुभा देतं, सक्ती करत नाही, असं सांगितलं. एरवी ऐकून घेतलंच पाहिजे.

आणि मग? मग न्यायालयाने म्हटलं की आता आयुक्तांकडे परत पाठवून सुनावणी द्यायची गरज नाही, कारण या लोकांचं म्हणणं आम्हीच ऐकलं आहे. फुटपाथ हे राहण्यासाठी नसतात. झोपड्या ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा उलटून जाईतो, हटवायच्या नाहीत. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायच्या. सुनावणीचा हक्क देशाला मिळाला, आणि तो मिळवून देणाऱ्यांच्या वाट्याला काही महिन्यांची मुदत आली. मी कायद्याची विद्यार्थिनी म्हणून हा निकाल डोक्यावर घेते. पण त्या लोकांच्या वकिलांनी निकालानंतर अशिलांना काय सांगितलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

यानंतर वीस-पंचवीस वर्षं सिटी सिव्हिल कोर्टाची होती. पालिकेतले उपायुक्त गो. रा. खैरनार यांच्या हातोड्याचं शहराने कौतुक केलं त्याच काळात आमच्या कोर्टाचा व्हरांडा मनाई मागणाऱ्यांनी भरलेला असायचा. दावा दाखल, मनाईसाठी 'मोशन', आणि पहिल्याच दिवशी तातडीचा तात्पुरता मनाई हुकूम. तो मिळाला की अशील सुटकेचा श्वास टाकी आणि दावा वर्षानुवर्षं पडून राही. खोटं कशाला बोला, यात आमचाही हातभार होता. 'स्टे'वर उभी राहिलेली अख्खी दुकानं मी पाहिली आहेत. समोरच्या बाजूलाही युक्त्या होत्या. एका कार्यालयाची खोड अशी की नोटीस शुक्रवारी संध्याकाळी चिकटवायची आणि शनिवारी सकाळी गँग पाठवायची, म्हणजे कोर्ट उघडायच्या आत काम उरकतं. नोटिशीवर तारीख मात्र आधीच्या आठवड्यातली. अशा शनिवारी न्यायाधीशांच्या घरी जाऊन हुकूम मागितल्याच्या गोष्टी आमच्या बार रूममध्ये अजून रंगतात.

कोर्टात ताणलेल्या या दिवसांचं टोकाचं उदाहरण वरळीचं कॅम्पा कोला कंपाऊंड. १९८० च्या दशकात पाच मजल्यांच्या मंजुरीवर तिथे इमारती उठल्या, त्यातल्या एकीला वीस मजले, दुसरीला सतरा. रहिवाशांनी घरं घेतली, राहायला आले, मुलं मोठी झाली. ३५१ ची नोटीस २००५ मध्ये आली. दावे, अपिलं, सगळ्या पायऱ्या चढून २७ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांविरुद्ध निकाल दिला. मग मुदतवाढी, दारात निदर्शनं, टीव्हीचे कॅमेरे. मला रहिवाशांची दया येते आणि बिल्डरचा राग येतो, पण नोटीस काढायला पालिकेला इतकी वर्षं लागली तेव्हाच तो खटला माणुसकीच्या दृष्टीने हरला होता, असं माझं मत आहे. वीस मजले काही रातोरात चढत नाहीत.

सरकारने याचा धडा घेतला, पण मला तो उलटा वाटतो. २०१२ मध्ये कायद्यात कलम ५१५ अ घातलं. ३५१ किंवा ३५४ अ खाली पदनिर्देशित अधिकाऱ्याने काढलेल्या नोटिशीला वा आदेशाला कुठल्याही दाव्यात आव्हान देता येणार नाही. बाकीच्या महापालिकांच्या कायद्यातही तशीच तरतूद आली. हेतू उघड होता, स्टेचा धंदा बंद करायचा. पण त्याच वेळी बाहेरचं अपील दिलं का? नाही. दार लावलं, खिडकीही ठेवली नाही. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने सांगितलं की आदेश मुळातच कायद्याच्या नजरेत शून्य असेल, म्हणजे अधिकारच नसताना काढला असेल किंवा ऐकून न घेता काढला असेल, तर दिवाणी कोर्टाचं दार पूर्ण बंद नाही. तेव्हापासून आमच्या दाव्यांची पहिली दोन पानं आदेश शून्य कसा आहे हेच सांगण्यात जातात. नाहीतर रिट याचिका. ती गिरणीवाल्याच्या खिशाला परवडत नाही.

३५४ अ चं वेगळं. ते चालू असलेलं काम थांबवण्यासाठी आहे आणि मुदत चोवीस तासांची. सप्टेंबर २०२० मध्ये पाली हिलवरच्या एका अभिनेत्रीच्या बंगल्यावर हेच कलम लावून दुसऱ्या दिवशी पाडकाम झालं. उच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबरला ती नोटीस रद्द केली, कारवाई दुष्ट हेतूने झाली म्हटलं आणि नुकसान मोजायला मूल्यांकनकार नेमला. नावाजलेलं माणूस असलं की निकाल अडीच-तीन महिन्यांत लागतो, ही कुजबुज त्या दिवशी आमच्या बार रूममध्ये झालीच. पण चोवीस तासांचं कलम जुन्या बांधकामावर चालवायचं नाही, हे त्या निकालाने ठणकावून सांगितलं, ते सगळ्यांच्या उपयोगी पडलं.

आणि मग १३ नोव्हेंबर २०२४. उत्तरेकडच्या राज्यांत आरोपींच्या घरांवर बुलडोझर चालत होते, त्या प्रकरणात न्यायमूर्ती भूषण गवई आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी देशभरासाठी नियम घालून दिले. किमान पंधरा दिवसांची नोटीस, किंवा स्थानिक कायद्यात जास्त असेल तर तेवढी. नोंदणीकृत टपालाने, शिवाय दारावर चिकटवून. मागची तारीख टाकली असा आरोप राहू नये म्हणून नोटीस बजावताच जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल. त्या शुक्रवारच्या नोटिशींना याहून चांगलं औषध नाही. प्रत्यक्ष सुनावणी आणि तिची लेखी नोंद. आदेशात कारणं, आणि पाडण्याशिवाय दुसरा मार्ग का नाही याचंही कारण. आदेशानंतर आणखी पंधरा दिवस हात लावायचा नाही, म्हणजे माणसाला दाद मागता यावी किंवा स्वतःच बांधकाम काढता यावं. नियम मोडून पाडलं तर खर्च अधिकाऱ्याच्या खिशातून.

हे वाचताना मला आमचे सिनियर आठवले. त्यांनी जन्मभर मागितलं ते हेच, आदेश आणि हातोडा यांच्यामध्ये ठरलेले दिवस. पण याच निकालात एक अपवाद आहे. रस्ता, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी-तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांना हे नियम लागू नाहीत. म्हणजे १९८५ ची फुटपाथवरची माणसं २०२४ मध्येही दाराबाहेरच. शिवाय पंधरा दिवस मिळाले तरी ते घेऊन जायचं कुणाकडे, हा १८८८ चा प्रश्न तसाच आहे. घरपट्टीसारखं बाहेरच्या न्यायाधीशाकडे जाणारं साधं, स्वस्त, ठरलेल्या मुदतीत निकाल लागणारं अपील ३५१ ला द्यायला विधिमंडळाला एक दुरुस्ती पुरेल. ते होईतो आम्ही पहिल्या दोन पानांत शून्य शोधत बसणार.

वाचकांपैकी कुणाच्या दारावर उद्या अशी नोटीस लागलीच, तर ती फाडू नका. जागेवरच तिचा फोटो घ्या आणि मागे कधी, कुणासमोर मिळाली ते लिहून ठेवा. मुदतीच्या आत उत्तर द्या, ते आवक खिडकीवर देऊन स्वतःच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. उत्तरात प्रत्यक्ष सुनावणी मागितल्याचं स्पष्ट लिहा. करखात्यातून जुना तपासणी उतारा काढायला त्याच दिवशी अर्ज टाका, कारण तो मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आणि तोवर माळ्याला खिळा ठोकू नका.